घरातल्या जुन्या संगणकावर लिनक्स मिंट बसवावे का?

धागाकर्ता:
मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०ची नेहमीची अपडेट बंद केली आणि विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागत असल्यामुळे सासऱ्यांचा दहा वर्षांचा, पण धडधाकट लॅपटॉप मोडीत काढण्याची वेळ आली. नवा घेण्याऐवजी मी त्यावर लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी चालणारी मोफत संगणकप्रणाली बसवली. त्यांना लागते काय, तर वर्तमानपत्रे वाचणे, ईमेल, नातवंडांशी व्हिडिओ कॉल आणि सोसायटीची पत्रे लिहिणे. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, अशी मिंटची मांडणी त्यांच्या सवयीचीच असल्यामुळे तिसऱ्या दिवसापासून त्यांनी मला काही विचारले नाही.

पेनड्राइव्हवरून मिंट चालू करून वायफाय, आवाज आणि कॅमेरा चालतात का हे हार्डडिस्कला हात न लावता तपासता येते, ही सोय मला फार मोलाची वाटते. रॅम किमान २ जीबी लागते, मात्र ४ जीबी असल्याशिवाय हा खटाटोप करू नये. ज्यांचे काम ब्राउझरमध्ये संपते, त्यांनी हा मार्ग धरावाच, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १ (करसल्लागार):
‘ब्राउझरमध्ये संपते’ ही अट आपण घातलीत हे बरे केलेत, पण किती घरे तिच्यात बसतात? माझ्या बहुतेक अशिलांच्या घरचा संगणक हाच दुकानाचाही संगणक असतो. त्यावर टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर असते, आणि ते विंडोजसाठीच बनलेले आहे. लिनक्सवर विंडोजची सॉफ्टवेअर चालवणाऱ्या वाइनच्या आधाराने ते चालवून पाहता येईल, परंतु जीएसटीआर-३बी हे जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरायच्या २० तारखेला ज्याचा हिशेब अडकतो, त्याला प्रयोग करायला सांगणे मला पटत नाही. वैयक्तिक वापरासाठी विंडोज १०ची विस्तारित सुरक्षा-अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत घेता येतात. तोवर नव्या यंत्रासाठी पैसे बाजूला काढावेत, हा सल्ला मला अधिक जबाबदारीचा वाटतो.

प्रतिसाद २:
मिंट मी स्वतः वापरते, तरीही धागाकर्त्यांनी इन्स्टॉलेशन फारच सोपे करून सांगितले, अशी माझी तक्रार आहे. माझ्या धाकट्या भावाला मी फोनवरून एकेक पायरी सांगत होते. विंडोज शेजारी ठेवायचे की संपूर्ण डिस्क पुसायची, असे विचारणारा पडदा आला, तेव्हा त्याने पुसण्याचा पर्याय निवडला आणि मला सांगितलेही नाही, कारण त्याची समजूत अशी होती की पुसले जाते ते फक्त सी ड्राइव्ह. दुरुस्तीवाले नेहमी सी फॉरमॅट करतात आणि डी ड्राइव्हवरचे फोटो जसेच्या तसे राहतात, हे आपण सर्वांनी इतक्या वेळा पाहिले आहे की त्याची समजूत अगदी स्वाभाविक होती. परंतु सी आणि डी हे बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन भाग असतात, आणि मग डिस्क पुसणे म्हणजे दोन्ही पुसणे. त्यात त्याच्या मुलीच्या बारशाचे फोटो गेले. बॅकअप घेतला असे तोंडी सांगणाऱ्यावर विसंबू नये. बाहेरची डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून दोन-चार फोटो उघडून दाखवायला सांगावे.

प्रतिसाद ३ (डीटीपी, म्हणजे छपाईसाठी मजकूर मांडण्याचा व्यवसाय):
मराठीचा मुद्दा कोणीच काढला नाही. युनिकोडमध्ये लिहिणाऱ्यांना मिंटवर अडचण नाही, कारण कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीची मांडणी निवडता येते. आमच्याकडे मात्र श्रीलिपी या युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमधला अनेक वर्षांचा मजकूर आहे. तो फाँट नसेल तर पत्रिकेच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांची रांग दिसते. फाँट बसवून मजकूर दिसेलही, पण आमचे टंकनाचे सॉफ्टवेअर आणि पाने व चित्रे मांडायची पेजमेकर, कोरलड्रॉ ही सॉफ्टवेअर आज लिनक्ससाठी मिळत नाहीत. आमच्या धंद्यात विंडोज सोडणे आज शक्य नाही.

धागाकर्ता:
डी ड्राइव्हची सूचना मी मूळ लेखात द्यायलाच हवी होती. ती चूक मान्य. टॅली आणि डीटीपीच्या यंत्रांना हात लावू नये, हेही मान्य. परंतु करसल्लागारांच्या सल्ल्यातून वर्षभराची मुदत मिळते, आणि ती संपल्यावर निवृत्त माणसाने केवळ ईमेलसाठी नवा लॅपटॉप का घ्यावा, हा प्रश्न तसाच उरतो. मिंटच्या २२व्या आवृत्तीला २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

आणखी एक खबरदारी राहिली. फेब्रुवारी २०१६मध्ये मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी होऊन काही काळ डाउनलोडच्या दुव्यावर मिंट बसवण्याची छेडछाड केलेली फाइल दिली जात होती. म्हणून फाइल उतरवल्यावर तिचा चेकसम, म्हणजे फाइल बदललेली नाही हे पडताळण्यासाठी तिच्यावरून काढलेला आकडा, अधिकृत पानावरच्या आकड्यांशी जुळवावा आणि ते आकडे मिंटच्याच लोकांनी दिले आहेत हे दाखवणारी डिजिटल स्वाक्षरीही तपासावी. मी दोन्ही केले, मगच पेनड्राइव्ह बनवला.

प्रतिसाद १ (करसल्लागार):
निवृत्त माणसापुरते आपले म्हणणे मान्य करतो. दुकानदारासाठी माझे मत कायम आहे.