मदत हवी आहे: विस्थापितांना शिधा वाटताना माणसं मोजायची की कुटुंबं?

नमस्कार मंडळी. घरदार सोडून आलेल्या, पण देशातच दुसरीकडे आसरा घेतलेल्या कुटुंबांना आम्ही काही जण शिधा पोचवतो. अनुभव बेताचाच.

पहिल्या फेरीत हिशेब सोपा ठेवला: एक कुटुंब, एक गोणी, २५ किलो धान्य. सगळ्यांना सारखं, म्हणजे तक्रार नको. एक बाई गोणी घेऊन बाजूला गेल्या, ती खाली टेकवली आणि बोटं मोजत बसल्या. विचारलं तर म्हणाल्या, "आम्ही नऊ जण. शेजारी तिघंच आहेत, त्यांनाही एवढीच."

घरी येऊन गणित मांडलं. माणशी रोज ४०० ग्रॅम धरले तर तिघांना वीस दिवस जातात, नऊ जणांना आठवडाही निघत नाही. फार ओशाळल्यासारखं झालं.

आता माणसं मोजायला गेलो तर प्रत्येक तंबूत दोन-चार जण वाढलेले! खरं कसं ओळखायचं? नातेवाइकांकडे राहणारे आमच्या यादीतच नाहीत, त्यांचं काय? आणि एक सहकारी म्हणतात, काही जण शिधा विकतात, त्यापेक्षा शिजवलेलं द्या. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

माणसंच मोजा. नोंद भर दुपारी नको, पहाटे किंवा रात्री उशिरा करा, सगळ्या वस्तीत एकाच वेळी. तेव्हा माणसं आपापल्या जागी असतात, पाहुणी डोकी कमी सापडतात. थोडी फुगलेली संख्या मात्र सोडून द्या. त्यापायी चौकशी मांडलीत तर जे खरे नऊ जण आहेत तेच आधी भरडले जातील.

कूपनवर माणसांचा आकडा छापा आणि सारख्या आकड्याची कुटुंबं एका रांगेत घ्या. मापाने देणार असाल तर ते आधी तराजूवर भरून बघा. एकाला शिगोशीग आणि दुसऱ्याला सपाट मिळालं की भांडण तिथेच सुरू होतं.

नुसत्या धान्यावर भागत नाही. स्फिअर मानकांत, म्हणजे आपत्तीतल्या मदतीसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या किमान निकषांत, माणशी रोज २,१०० किलोकॅलरी धरून नियोजन करतात. तुमच्या ४०० ग्रॅममधून साधारण १,४०० मिळतील. डाळ, तेल, मीठ हवंच.

विकण्याचं म्हणाल, तर त्याला लबाडी समजू नका. दळण आणि सरपण फुकट मिळत नाही, त्यासाठी थोडं धान्य जातं. शिजवलेलं अन्न पहिले काही दिवस, चूल-भांडी नसताना, ठीक. पुढे लोकांना आपल्या हातचं खाऊ द्या.

प्रतिसाद २

नातेवाइकांकडचे जरूर घ्या. छावणीबाहेर राहणारे विस्थापित बहुतेकदा नजरेतून सुटतात, आणि आसरा देणाऱ्याचा डबाही त्यांच्याबरोबर रिकामा होत असतो. जमलं तर यजमानांनाही थोडं द्या, नाहीतर नात्यात कडवटपणा येतो.

विस्थापितांबाबतच्या १९९८च्या संयुक्त राष्ट्रांच्या मार्गदर्शक तत्त्वांत शिध्याच्या नियोजनात आणि वाटपात बायकांचा सहभाग हवा असं स्पष्ट म्हटलंय. तुमच्या त्या बाईंनाच वाटपावर बसवा की!

आणि कोणी तान्ह्यांसाठी दुधाच्या पावडरीचे डबे आणून दिले तर सरसकट वाटू नका. अस्वच्छ पाण्यात कालवलेली पावडर बाळाला जुलाब लावते, शिवाय अंगावरचं पाजणं सुटतं.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. त्या बाईंना विचारलं, तयार आहेत. पण त्यांचंच म्हणणं, नऊ जणांचा महिन्याचा शिधा एकदम दिलात तर शंभर किलोच्या वर जाईल, तो वाहून नेणार कोण आणि तंबूत ठेवणार कुठे? पंधरवड्याने दोन खेपा कराव्यात का?

प्रतिसाद १

कराव्यात. गोण्याही लहान भरा, एकट्या म्हाताऱ्या माणसाला उचलता येतील एवढ्या. आणि नावांची यादी भिंतीवर चिकटवू नका, कोणाच्याही हाती देऊ नका. माणसं कोणाला भिऊन पळून आली आहेत ते आपल्याला ठाऊक नसतं.