सोसायटी ग्रुप: ४ जीबीच्या लॅपटॉपवर ड्रॉइंग कशात काढायचं?

काका (बी-२०४): नमस्कार मंडळी. नातीला विजापूर रोडच्या आयटीआयला ड्राफ्ट्समन सिव्हिलला ॲडमिशन मिळालं. घरी माझा जुना लॅपटॉप आहे, रॅम ४ जीबी. ऑटोकॅड, म्हणजे ते ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर, टाकून बघितलं तर चहा पिऊन झाला तरी उघडेना. फुकटातलं, हलकं काही आहे का?

राजू (सी-१०१): काका, क्रॅक, म्हणजे चोरीची कॉपी, टाकून देतो की माझा एक मित्र. पाचशे घेतो.

सविताताई (ए-३०२): क्रॅकच्या नादाला लागू नका ओ काका. आमच्या ह्यांनी एका दुकानातून असंच टाकून आणलं होतं. आठ दिवसांत लॅपटॉपवरची एकही फाइल उघडेना. मुंजीचे फोटो गेले ते गेलेच.

राजू (सी-१०१): 🙏 शब्द मागे.

महेश (डी-४०३): काका, लॅपटॉपचा दोष नाही. नव्या ऑटोकॅडला कमीत कमी ८ जीबी लागते. विद्यार्थ्यांना ते फुकट मिळतं, पण तुमच्या मशीनला झेपणार नाही. प्लॅन, एलिव्हेशन, सेक्शन एवढंच असेल तर लिब्रेकॅड टाका. फक्त टूडी, कायमचं फुकट. आमच्या ऑफिसात कोपऱ्यातल्या जुन्या पीसीवर तेच आहे.

सचिव: पाणी आलंय. टाकी भरेपर्यंत कोणी मोटर लावू नये. नंतर तक्रार नको.

काका (बी-२०४): पण सर डीडब्ल्यूजी मागतात म्हणे.

महेश (डी-४०३): खरी मेख तिथंच आहे. डीडब्ल्यूजी हा ऑटोकॅडवाल्यांचा स्वतःचा फाइल फॉरमॅट. लिब्रेकॅड जुन्या डीडब्ल्यूजी कशाबशा उघडतं, सेव्ह मात्र डीएक्सएफ या दुसऱ्या फॉरमॅटमध्येच करतं. ऑटोकॅड डीएक्सएफ सरळ उघडतं, त्यामुळे आधी सरांना विचारा ते चालेल का. नाहीच म्हणाले तर ओडीए फाइल कन्व्हर्टर फुकट मिळतो, त्यातून डीडब्ल्यूजी करून द्या.

प्राजक्ता (बी-५०१): आमच्या कॉलेजात ड्राफ्टसाइट होतं. ते फुकटच होतं ना?

महेश (डी-४०३): २०१९ पर्यंत. जुने व्हिडिओ बघून लोक अजून शोधत बसतात. क्यूकॅड बघायला हरकत नाही, लिब्रेकॅड त्यातूनच निघालंय. फक्त त्याच्यासोबत प्रोफेशनलचा, म्हणजे पैसेवाल्या आवृत्तीचा, ट्रायल येतो आणि दर १५ मिनिटांनी बंद पडतो. तो भाग काढून टाकला की उरलेलं फुकट. फ्रीकॅड थ्रीडीचं आहे, चांगलं आहे, पण या लॅपटॉपवर नको.

काका (बी-२०४): लिब्रेकॅड टाकलं. भराभर उघडतंय! सरांनाही डीएक्सएफ चालतंय. नात म्हणते लाइनला एल-आय टाइप करायचं. सरावाला आपलं पार्किंग काढायला सांगितलंय, टेप घेऊन खाली गेलीय.

(दुसऱ्या दिवशी)

काका (बी-२०४): महेश, घोळ झालाय. सात रस्त्यावर प्रिंट काढली, १:१०० ला. अख्ख्या ए-४ वर मधोमध एक ठिपका. दुकानदार म्हणतो शाई संपली नाही, चित्रच एवढं आहे.

महेश (डी-४०३): 😄 पार्किंगची लांबी किती टाकलीय?

काका (बी-२०४): २७. रुंदी २०.

महेश (डी-४०३): मीटर म्हणून टाकलंय, पण ड्रॉइंगचं युनिट मिलिमीटर आहे. म्हणजे तिनं २७ मिलिमीटरचं पार्किंग काढलं, ते शंभर पट लहान होऊन पाव मिलिमीटर झालं. सगळं सिलेक्ट करून स्केलनं १००० पट मोठं करा. स्क्रीनवर नेहमी खऱ्या मापानंच काढायचं, लहान करायचं ते प्रिंट देताना. आमच्याकडे नवीन आलेला प्रत्येक पोरगा पहिल्या आठवड्यात हेच करतो, तिला रागावू नका.

काका (बी-२०४): जमलं! २७ सेंटीमीटर बाय २०, कागदात बरोबर बसलं. नोटीस बोर्डावर लावलंय.

राजू (सी-१०१): बघितलं. माझ्या जागेत पिलर आत आलेला दाखवलाय. एवढा नाही तो.

काका (बी-२०४): टेपनं मोजलाय. ४५ सेंटीमीटर.

सविताताई (ए-३०२): तिला म्हणावं ए-विंगच्या कोपऱ्यातला पिलर पण मोज. आमच्या ह्यांनी तीनदा बंपर घासलाय तिथं.