विषय: आईचं इन्सुलिन आणि कोपऱ्यावरचा फार्मसिस्ट

प्रेषक: रेडिंगकर

नमस्कार मंडळी,
आई सांगलीहून इथे इंग्लंडला अडीच महिन्यांसाठी आलीय. इन्सुलिनच्या बाटल्या मोजून आणल्या पण सिरिंजचं पाकीट तिकडेच कपाटात राहिलं. म्हटलं त्यात काय, कोपऱ्यावरच्या फार्मसीत मिळतील. तर फार्मसिस्ट सिरिंज द्यायच्या आधी विचारतो, इन्सुलिन कुठलं? मोबाईलवर बाटलीचा फोटो दाखवला तर म्हणाला थांबा, ही ४० ची आहे, म्हणजे एका एमएलमध्ये ४० युनिट, आणि आमच्याकडच्या सिरिंज एमएलला १०० युनिटवाल्या इन्सुलिनच्या असतात. मला काही टोटलच लागेना. मग त्याने कागदावर गणित मांडलं. आई घेते २० युनिट, म्हणजे तिच्या बाटलीतलं अर्धा एमएल. इथल्या सिरिंजवर २० च्या रेघेपर्यंत भरलं तर येणार ०.२ एमएल, म्हणजे अंगात जाणार फक्त ८ युनिट! आणि उलटं केलं, इथलं १०० चं इन्सुलिन तिकडच्या ४० च्या सिरिंजने, तर २० च्या जागी ५०. मला उभ्या उभ्या घाम फुटला हो. तिकडच्या सिरिंजचं टोपण लाल आणि इथलं केशरी, पण कोण बघतं!
सिरिंज दिल्या नाहीत, म्हणाला गुणाकार भागाकार करत बसू नका. जीपीला, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरला, स्वतः फोन लावला, आईचं टेंपररी रजिस्ट्रेशन करायला सांगितलं, आणि रात्रीच्या डोसच्या आत हातात इथलं इन्सुलिनचं पेन आलं. नाना परवा म्हणत होते ना की हे लोक फक्त लेबलं चिकटवतात, म्हणून मुद्दाम लिहितोय.

प्रेषक: लेस्टरचे नाना

माझं नाव घेतलंच आहेस तर ऐक. म्हणालो होतो खरं, आमच्याकडे रांगेत अर्धा तास जातो आणि वर "उद्या या". पण एक गोष्ट कबूल करतो. गेल्या वर्षी मला डायबेटिससाठी मेटफॉर्मिन सुरू झालं आणि पोटाची अशी वाट लागली की सहा दिवसांत मी गुपचूप गोळी बंद केली. दुसऱ्या आठवड्यात फार्मसीतून फोन, नवीन गोळी कशी चाललीय? मला वाटलं फ्रॉड कॉल, ठेवून दिला! बाईने परत केला. मग सगळं सांगितलं तर ओरडली नाही, जीपीशी बोलून हळू विरघळणारी गोळी करून दिली. पुढे एकदा शौचात अख्खी गोळी दिसली तेव्हा परत तिच्याकडेच धावलो, म्हणाली घाबरू नका, औषध आत गेलंय, ते नुसतं टरफल आहे.

प्रेषक: स्लाऊची ताई

नाना, मी काउंटरच्या पलीकडे उभी असते, त्यामुळे रांगेबद्दल सॉरी. तुम्हाला फोन आला ती न्यू मेडिसिन सर्व्हिस, इंग्लंडमध्ये २०११ पासून आहे, फुकट, आणि टाइप २ डायबेटिसची गोळी नवीन सुरू झाली की मिळते. फोन आला नाही तर स्वतः मागा. आपल्यातले शाकाहारी लोक मेटफॉर्मिनवर वर्षानुवर्षं असतात आणि पायाला मुंग्या आल्या की म्हणतात वय झालं, या गोळीने बी-१२ जीवनसत्त्व कमी झालंय का तेही एकदा बघून घ्या.
आणि नवरात्र येतंय म्हणून सांगते, निर्जळी करणाऱ्यांनी आधी येऊन विचारा. डायबेटिसची ग्लिक्लाझाइड गोळी घेऊन उपाशी राहिलात तर साखर धाडकन खाली येऊ शकते, आणि डायबेटिसच्या ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी "फ्लोझिन" आहे त्या पोटात अन्नपाणी नसताना वेगळाच घोटाळा करतात, साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठतं. पण मनाने बंदही करू नका. साबुदाण्याच्या खिचडीवर नऊ दिवस काढणाऱ्यांशी मी वेगळं भांडेन.
अजून एक, औषधावर असलेल्या डायबेटिसवाल्यांना प्रिस्क्रिप्शन फुकट असतं पण साठीच्या आतल्यांना त्यासाठी सर्टिफिकेट लागतं, ते ५ वर्षांनी संपतं. संपलेलं असताना प्रिस्क्रिप्शनवर "फुकट"ला टिक केलंत तर १०० पौंडांपर्यंत दंड. आजच तारीख बघा.

प्रेषक: लेस्टरच्या नानी

सहा दिवसांत गोळी बंद केली होती हे मला आत्ता, या मेलवरून कळतंय. ताई, सर्टिफिकेटची तारीख मी बघते, यांच्यावर सोडू नकोस. बाकीचं आम्ही घरी बोलू.