बार कॉर्ड: अडचण हाताची की गिटारची? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरची, राजारामपुरीत राहते. गिटार अकूस्टिक, स्टीलच्या तारांची. सी, जी, डी, ए मायनर आता न बघता लागतात, बदलताना तालही सुटत नाही. घोडं अडलंय ते एफपाशी.

मुलगी गाते, तिची पट्टी पांढरी चार. म्हणजे एफ, बी फ्लॅट आणि सी, त्यातले पहिले दोन बार कॉर्ड, म्हणजे तर्जनी सगळ्या तारांवर आडवी दाबून धरायचे. तिसऱ्या फ्रेटवर (घरावर) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावून डी, जी, ए धरले की तेच सूर मिळतात, सध्या तसंच भागवतो. पण भावगीतात डी मायनर आला की कॅपोवरसुद्धा बी मायनरचा आकार धरावा लागतो. म्हणजे पुन्हा बारच. तेव्हा हे शिकायचंच असं ठरवलंय. घाई अजिबात नाही, वर्ष लागलं तरी चालेल. फक्त ते वर्ष भलत्याच गोष्टीवर खर्ची पडू नये, एवढ्यासाठी विचारतेय.

एफ धरला की सहावी आणि पहिली तार नीट बोलते, दुसरी मुकी राहते. तर्जनीच्या पेरावरची घडी बरोबर त्या तारेवर येते. बोट जरा वर सरकवलं की दुसरी वाजते, पण मग पहिली खडखडते. जोर वाढवला की अंगठ्याच्या मुळाशी कळ येते, तिथे मी थांबते. हाच आकार पाचव्या फ्रेटवर धरला, तर ए मेजर सगळ्या तारांसह स्वच्छ वाजतो.

तारा १२ नंबरच्या आहेत. बाराव्या फ्रेटपाशी सहावी तार साडेतीन मिमी वर दिसते, आणि आपल्याकडच्या पावसात ती आणखी उचलल्यासारखी वाटते. गिटार मिरजेला सतारमेकरांकडे दाखवावी का? की हात तयार होईपर्यंत तशीच वाजवत राहू?

प्रतिसाद

ताई, पाचव्या फ्रेटवर सगळ्यांनाच सोपं जातं, त्यावरून काही ठरत नाही. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा आणि एफचाच आकार एक घर पुढे, दुसऱ्या फ्रेटवर धरा. एकदम हलकं वाटलं तर नटच्या (मानेच्या टोकाशी तारा ज्या पट्टीच्या खाचांतून जातात तिच्या) खाचा उंच आहेत. फारसा फरक पडला नाही तर तारांची उंची नाहीतर हात.

आणि अख्खं बोट दाबू नका. एफमध्ये पाचवी, चौथी, तिसरी तार बाकीची बोटं धरतात. तर्जनीकडे फक्त सहावी, दुसरी आणि पहिली. बोट अंगठ्याच्या बाजूच्या हाडाळ कडेवर किंचित कलतं ठेवा, तिथं घडी आड येत नाही. जोर अंगठ्याने चिमटून काढायचा नाही, कोपर सैल सोडून हात मागे ओढायचा. कळ आली की थांबता ते एकदम बरोबर करता. पाचव्या फ्रेटवरून सुरू करा, स्वच्छ वाजलं की एक घर खाली या. तारा १० नंबरच्या, म्हणजे आत्तापेक्षा बारीक, घाला, नाहीतर सगळ्या अर्धा सूर उतरवा, ताण लगेच कमी होतो.

पुन्हा मी

कॅपो लावून बघितलं दादा. दुसरी तार पहिल्याच झटक्यात बोलली! म्हणजे नटच. पण आत्ता पावसात खाचा घासून घेतल्या आणि दिवाळीनंतर लाकूड सुकलं, तर तारा खडखडणार नाहीत ना?

प्रतिसाद

नटच्या खाचांवर पावसाचा फारसा परिणाम होत नाही, त्या आत्ता घासून घ्या. फुगते ती पुढची फळी, तिच्यामुळे ब्रिजकडून (फळीवर तारा जिथे अडकवलेल्या असतात तिथून) तारा उचलल्या जातात. म्हणून सॅडलला (ब्रिजवरच्या, तारा टेकतात त्या पट्टीला) मात्र आत्ता हात लावू देऊ नका, ते हवा कोरडी झाल्यावर बघा. तोवर गिटार केसमध्ये, सिलिका जेलच्या पुड्या टाकून. मिरजेला न्यायच्या आधी फोन करून विचारा की गिटारचा नट करता का. प्रत्येक तारेच्या जाडीची वेगळी कानस लागते, ती सगळ्यांकडे असतेच असं नाही.