पॅलाडिनची शपथ कोणती घेऊ? रविवारी तिसरी लेव्हल आहे

गोदाकाठची

मंडळी, इंदिरानगरला आमचा ग्रुप दर रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, म्हणजे प्रत्येकाने एक कॅरेक्टर घ्यायचं आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची. पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम. येत्या रविवारी माझी पॅलाडिन (शपथेने बांधलेली योद्धी) तिसऱ्या लेव्हलला जातेय आणि तिची शपथ ठरवायची आहे; पुढच्या शक्ती त्या शपथेवरच ठरतात. आमच्याकडे मूळ पुस्तकातल्या तीनच चालतात: डिव्होशन (निष्ठेची), एन्शंट्स (प्राचीनांची) आणि व्हेंजन्स (सूडाची).

कॅरेक्टर सांगते. नावाड्याची मुलगी. कर थकला म्हणून किल्लेदाराने तिचं अख्खं गाव जाळलं. बापाच्या नावेची एक जळकी फळी तिने ढालीला आतून ठोकून घेतलीय. मागच्या सेशनला आग लावणाऱ्या तुकडीतला एक शिपाई आमच्या हाती लागला, मिसरूडही न फुटलेला पोरगा. त्याने भाला टाकला, हात जोडले आणि डीएमने (गोष्ट चालवणाऱ्याने) तिथेच खेळ थांबवला.

गोष्ट बघितली तर व्हेंजन्सच घ्यायला हवी. पण मला त्या पोराला मारायचं नाहीये. डिव्होशनमध्ये खोटं बोलायचं नसतं, ती घेतली तर आमच्या ग्रुपमधल्या चोर कॅरेक्टरचं काय करू? दर नाक्यावर पहारेकऱ्यांना थापा मारून तोच आम्हाला आत नेतो. एन्शंट्स मनापासून आवडते, पण ती फक्त रानावनातल्या कॅरेक्टरसाठी असते का?

सातपूरकर

आकड्यांचं बोलतो. शत्रूवर वार लागायला वीस बाजूंच्या फाशावर ११ किंवा जास्त लागत असतील तर लागण्याची शक्यता ५० टक्के. व्हेंजन्सच्या ‘व्हाउ ऑफ एन्मिटी’ने अॅडव्हान्टेज मिळतो (दोनदा फासा टाकून मोठा आकडा घ्यायचा), म्हणजे ती थेट ७५ टक्के. डिव्होशनचं ‘सेक्रेड वेपन’ फाशाच्या आकड्यात तुझा कॅरिझ्माचा (व्यक्तिमत्त्वाच्या जोराचा) आकडा मिळवतं. तुझा +३ धरला तर ६५ टक्के. शिवाय अॅडव्हान्टेजमुळे क्रिटिकल (फाशावर थेट २०) ५ वरून ९.७५ टक्क्यांवर जातो आणि क्रिटिकलवर स्मायटचे (पॅलाडिनच्या जादा इजेच्या वाराचे) फासेही दुप्पट होतात. व्हाउला बोनस अॅक्शन (टर्नमधली छोटी जादा कृती) पुरते, सेक्रेड वेपन अख्खी अॅक्शन खातं. मात्र व्हाउ दहा फुटांच्या आतल्या एकाच शत्रूवर चालतं. झुंडीशी लढाई असेल तर डिव्होशनच सरस. पाचव्या लेव्हलला व्हेंजन्समध्ये मिस्टी स्टेप (क्षणात दुसऱ्या जागी पोचवणारा मंत्र) मिळतो, जड चिलखतातल्या माणसाला तो फार उपयोगी. एन्शंट्सलाही मिळतो.

माझं मत व्हेंजन्सला.

किल्ला_आणि_फासे

मी बरीच वर्षं डीएम करते आहे आणि पॅलाडिन हा माझा सगळ्यात आवडता क्लास आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ताकदीचं पान बाजूला ठेव आणि आधी प्रत्येक शपथेची कलमं वाच. व्हेंजन्सची तर चारही वाच, कारण बहुतेक जण ‘दुष्टांना दया नाही’ इथेच पुस्तक मिटतात. पहिलं कलम सांगतं की लहान आणि मोठं पाप समोर असेल तर मोठ्याशी लढ. तुझ्या गोष्टीत मोठं पाप गडावर बसलंय, हात जोडून समोर उभं नाही. दयेच्या कलमातसुद्धा साध्या शत्रूला माफीची वाट मोकळी आहे. ती बंद होते फक्त ज्याच्याविरुद्ध शपथ घेतली त्याच्यासाठी. आणि चौथं कलम भरपाईचं. शत्रूने लोकांचा सत्यानाश केला तो मी त्याला रोखू शकले नाही म्हणून, तेव्हा त्या लोकांना उभं करणं माझ्यावर आलं. म्हणजे तुझ्या पॅलाडिनने जळलेल्या गावात परत जायला हवं, घरं शाकारायला हवीत, नावा बांधायला हव्यात. व्हेंजन्सची ही बाजू मला फार मोलाची वाटते आणि टेबलावर ती क्वचितच दिसते. त्या पोराला घेऊन तू गावात गेलीस आणि त्याच्याच हातून पहिलं छप्पर चढवून घेतलंस, तरी शपथेत काडीचाही फरक पडत नाही.

आता एन्शंट्स. रान हे तिचं मूळ खरं, पण तिची कलमं प्रकाशाची आहेत: चांगलं, सुंदर, हसरं जे काही आहे ते जप, आणि स्वतःतला उजेड विझू देऊ नकोस. माझ्या एका कॅम्पेनमध्ये (अनेक सेशन चालणाऱ्या गोष्टीत) किल्ल्याला वेढा पडला होता. कल्पना मी रामशेजवरून घेतली होती. नाशिकजवळचा तो बेताचा किल्ला, १६८२ मध्ये मोगलांनी वेढला आणि पुढे पाच वर्षांहून जास्त झुंजला. माझ्या टेबलावर सगळे बाण मोजत होते, धान्याच्या कणग्या मोजत होते. एन्शंट्सचा पॅलाडिन मात्र गडावरच्या एका जोडप्याचं लग्न लावायला निघाला. हल्ल्याच्या आदल्या रात्री! त्याच्या ‘ले ऑन हँड्स’मध्ये (हात ठेवून बरं करण्याच्या शक्तीत) तिसऱ्या लेव्हलचे पंधरा पॉइंट होते. त्यातले पाच त्याने एका शिपायाच्या आजारी बैलाचा रोग बरा करायला घातले, कारण वरात त्याच बैलावर यायची होती. लग्नाच्या जागरणात विश्रांती झाली नाही आणि दुसऱ्या दिवशी ते पाच पॉइंट लढाईत कमी पडले. पार्टीतलं कुणी एका शब्दाने बोललं नाही. रानातलं एक पानही त्या सेशनमध्ये नव्हतं, आणि एन्शंट्स मी इतकी चांगली खेळलेली दुसरी पाहिली नाही.

म्हणून सुचवते: डीएमला सांग, रविवारी पोराचा प्रसंग आधी होऊ दे, लेव्हल नंतर. तुझी पॅलाडिन त्याच्याशी कशी वागते ते बघ आणि तेच जिच्यात बसतं ती शपथ घे. तू त्याला सोडायचा शब्द दिलास आणि पार्टीचा विरोध झेलून पाळलास, तर ती डिव्होशन. त्याला शेकोटीपाशी बसवून आधी खायला घातलंस, तर एन्शंट्स. किल्लेदार कुठल्या दारातून ये-जा करतो एवढंच विचारलंस, तर तुला माहीतच आहे.

चोरवाट

मी नेहमी चोरच खेळतो, त्यामुळे त्या बाजूने सांगतो. डिव्होशनचं सत्याचं कलम तुझ्यापुरतं आहे. दुसऱ्याच्या तोंडाला कुलूप लावायला कुणी सांगितलेलं नाही. आमच्या पॅलाडिनने पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं होतं, ‘मला विचारलं तर मी खरंच सांगणार.’ मग मी थापा मारायच्या आधी विचार करायला लागलो. आणि फायदा किती झाला! आमच्यातल्या कुणावरही विश्वास न ठेवणारा नाकेदार तिच्याकडे वळून म्हणायचा, ‘बाई, तुम्ही सांगा.’ तिच्या एका वाक्यावर दरवाजे उघडलेत. फक्त हे खेळाआधी तुमच्या चोराशी बोलून घे, सेशनच्या मध्यात नको.

जुनी_आवृत्ती

एक भर. तिसऱ्या आवृत्तीपर्यंत पॅलाडिन लॉफुल गुडच (नियमाने वागणारा आणि भला) असावा लागे, जाणूनबुजून दुष्कृत्य केलं की शक्ती गेलीच. २०१४ च्या नियमांत तसं नाही. चूक झाली तर दुसऱ्या पॅलाडिनकडे किंवा आपल्या श्रद्धेच्या पुजाऱ्याकडे कबुली द्यायची, रात्रभर जागरण, उपास, आणि पुन्हा उभं राहायचं. तेव्हा शपथ मोडेल या धास्तीने सोपी निवडू नकोस. मोडण्याची वेळ येईल अशीच घे, त्यातूनच चांगले सेशन निघतात.

गोदाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, चौथं कलम मी वाचलंच नव्हतं, आता पुन्हा पुन्हा वाचतेय. डीएमशी बोलले, पोराचा प्रसंग आधी घ्यायला तो तयार आहे. त्याने एकच विचारलं: शपथ कुणाविरुद्ध ते नाव घेऊन सांग. मी किल्लेदाराचं नाव दिलं, म्हणजे व्हेंजन्सकडेच झुकलेय. चोराशीही फोनवर बोलणं झालं. सातपूरकर दादा, तिसऱ्या लेव्हलला शपथेबरोबर बेन (शत्रूंचे फासे कमी करणारा) आणि हंटर्स मार्क (एका शत्रूला जादा इजा करणारा) हे मंत्र मिळतायत. व्हाउबरोबर मार्क एकाच टर्नला लावता येईल का?

सातपूरकर

नाही. दोन्हींना बोनस अॅक्शन लागते आणि ती टर्नला एकच. पहिल्या टर्नला व्हाउ, दुसऱ्या टर्नला मार्क. बेन आणि मार्क दोन्ही कॉन्सन्ट्रेशनवर (सतत लक्ष लावून) चालतात, त्यामुळे एका वेळी एकच ठेवता येईल. किल्लेदार एकटाच समोर असेल तर मार्क, त्याच्याबरोबर शिपाई असतील तर बेन.