माणूस कशाला हसतो यावरून तो कळतो का?

पंचवटीकर: माझा नातू हत्ती-मुंगीच्या विनोदावर लोळून हसतो. मी विचारतो, "पण मुंगी असं का म्हणेल?" की तो आणखीच हसतो. एकेकाळी हेच विनोद मी ऑफिसात रंगवून सांगायचो! आता शेवटी उलगडा होणारी कोटीच आवडते. मानसशास्त्रज्ञ विलिबाल्ड रुख आणि सहकाऱ्यांनी १९९० साली १४ ते ६६ वयाच्या ४,२९२ जर्मन लोकांबद्दल हेच मांडलं. वयाबरोबर उलगड्याच्या विनोदाची आवड वाढते, निरर्थकाची घटते. शिवाय उलगडा आवडणारा माणूस परंपरेला धरून राहणारा असतो, असा कल त्यांना दिसला. माझ्या मते हसण्यावरून स्वभावही कळतो आणि वयही.

सिडकोवाली: काका, अजिबात पटत नाही. एकाच वेळी वेगवेगळ्या वयाच्या लोकांना विचारलं, तर फरक वयाचा की पिढीचा, हे कसं ठरवणार? माझ्या सासूबाई ७२ वर्षांच्या. टीव्हीवर सगळे हसायचे, त्या गप्प. "आता वय झालं" म्हणून आम्ही मोकळे. मग कानाला यंत्र बसवलं. त्याच रात्री जेवताना धाकट्याच्या एका वाक्यावर घास हातात धरून इतक्या हसल्या, की पाणी द्यावं लागलं. ऐकू न येणाऱ्या बाईला आम्ही दोन वर्षं गंभीर ठरवलं होतं. अजून वाईट वाटतं.

गोदाकाठ: ताई, कानाचं बरोबरच. पण माझा मामा ऐका. कोट्या कराव्यात तर त्यानेच. पंचावन्नाव्या वर्षी अचानक कुणी धडपडलं की खिदळायला लागला. द्वारका चौकात एका बाईंची स्कूटर घसरली, गुडघा फुटला, आणि हा उभा राहून हसतोय. मी हाताला धरून ओढत नेलं. चार वर्षांनी निदान झालं, फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, म्हणजे मेंदूचा पुढचा आणि बाजूचा भाग झिजून वागणं-बोलणं बदलणारा आजार. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने २०१५ साली डिमेन्शियाच्या ४८ रुग्णांच्या जवळच्यांना विचारलं होतं. पडापडीचा विनोद आवडू लागणं, दुःखाच्या प्रसंगी हसणं, असे बदल अनेकांत बाकीच्या लक्षणांच्या कितीतरी आधी दिसले होते.

पंचवटीकर: मग माझ्या नातवाशी माझी तुलना चुकलीच. माझं आजचं हसणं माझ्याच जुन्या हसण्याशी ताडून बघायला हवं.

सिडकोवाली: आणि घरोघरी म्हाताऱ्यांच्या हसण्यावर पहारा बसवायचा? आधी कान तपासा, मग मेंदू.

गोदाकाठ: पहारा नको, ताई. पण त्या दिवशी मामाला डॉक्टरकडे न्यायचं सोडून मी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. पुरी चार वर्षं.