उंदीर पाळायला आम्ही तयार आहोत का, कसं ठरवायचं?

नवखी_आई
नमस्कार मंडळी, मुलगी ९ वर्षांची आहे आणि गेले सहा महिने तिने एकच धोशा लावलाय, पांढरे उंदीर पाळूया. आधी मी उडवून लावलं, पण ओळखीतल्या एकांकडे आहेत म्हणून बघायला गेलो आणि त्यांनी एक माझ्याच तळहातावर ठेवला. एवढंसं गरम गरम अंग, मिशा सारख्या थरथरतायत, सूर्यफुलाची बी दोन्ही हातांत धरून सोलून खात होता, मी तिथेच विरघळले. पण घर लहान आहे, आम्ही दोघं दिवसभर कामावर, आणि नवऱ्याला धुळीचा त्रास आहे, दम्याचा पंप जवळ ठेवावा लागतो. एकच उंदीर आणायचा, छोटा पिंजरा, आठवड्यातून एकदा साफसफाई, एवढंच असतं ना? की माझ्या लक्षात न आलेलं काही आहे? नको असेल तर सरळ नको म्हणा, वाईट वाटणार नाही.

रात्रपाळी
ताई, "एकच उंदीर" हे आधी डोक्यातून काढा. उंदीर कळपातला प्राणी आहे, मादी एकटी ठेवली की झुरते. दोन-तीन माद्या एकत्र छान राहतात, रात्री एकाच घरट्यात एकमेकींवर चढून झोपतात. नरांचं वेगळं, मोठे झाले की एकमेकांना चावून रक्त काढतात, आणि त्यांच्या मुताचा वास खूप उग्र, तुमच्या लहान घरात तो लपणार नाही. म्हणजे माद्याच घ्या, पण त्या माद्याच आहेत हे स्वतः बघून घ्या.

हे इतकं ठासून का सांगतोय तर मला "दोन्ही माद्या आहेत" म्हणून दिले गेले आणि मी बघितलंच नाही. तीन आठवड्यांनी सकाळी घरट्यात गुलाबी गुलाबी ९ पिल्लं. गर्भ १९ ते २१ दिवसांचाच असतो, आणि नर पिंजऱ्यात असेल तर मादी व्यायल्या दिवशीच परत गाभण राहू शकते, माझी राहिली. वर पिल्लं पाच-सहा आठवड्यांत स्वतः वयात येतात, त्यामुळे चौथ्या आठवड्यातच नर-मादी वेगळे करायला लागतात. चार पिंजरे झाले होते माझ्याकडे, आणि प्रत्येकासाठी चांगलं घर शोधेपर्यंत झोप लागली नाही. बघायचं असं, शेपटीच्या मुळाशी दोन छिद्रं असतात, त्यांच्यातलं अंतर नरात जास्त आणि मादीत अगदी कमी, मादीच्या पोटावर स्तनाग्रंही दिसतात.

पिंजरा छोटा नको, लांबरुंद हवा. तारांमधलं अंतर ६-७ मिमीच्या वर नको, डोकं गेलं की मागून सगळं अंग जातं. चाक सलग पृष्ठभागाचं घ्या, जाळीच्या चाकात पाय आणि शेपटी अडकते, आणि धावताना पाठ वाकायला नको इतकं मोठं हवं, साधारण २० सेमी.

शिंकांचा_धनी
मी फक्त दम्याबद्दल लिहितो कारण त्याच कारणाने मला माझे उंदीर दुसऱ्यांना द्यावे लागले. लोक केसांची अ‍ॅलर्जी समजतात, पण खरा त्रास मुख्यतः मुतातल्या प्रथिनाचा असतो, ते वाळून धुळीबरोबर हवेत उडतं. प्रयोगशाळेत उंदरांबरोबर काम करणाऱ्यांना ही अ‍ॅलर्जी होते हे सगळ्यांना माहीत आहे, आणि बऱ्याचदा ती पहिल्या दिवशी नाही तर काही महिन्यांनी सुरू होते. मला आठव्या महिन्यात झाली. आधी पिंजरा साफ करताना डोळे खाजायचे, मग रात्री छातीत शिट्टी वाजायला लागली. जे दोघे रोज संध्याकाळी बाहीतून वर चढून खांद्यावर बसायचे त्यांना खोक्यात घालून दुसऱ्याच्या हातात देणं फार जड गेलं मला. म्हणून ताई, आधी मिस्टरांच्या डॉक्टरांशी बोला, आणि ज्यांच्याकडे उंदीर आहेत त्यांच्याकडे मिस्टरांना दोन-चारदा नेऊन बसवा, पिंजरा साफ करायच्या वेळेला. तरी पुढची खात्री नाहीच, पण लगेच त्रास होत असेल तर तिथेच कळेल.

देवदार किंवा पाईनचा भुसा वापरू नका, त्यातली तेलं उंदराच्या फुप्फुसाला वाईट आणि माणसालाही. कागदाचा बिछाना घ्या. आणि झोपायच्या खोलीत पिंजरा नकोच, रात्री ते जागे असतात.

करडीची_ताई
वरच्या दोघांचं सगळं पटलं. माझी भर थोडी कठीण आहे. उंदीर साधारण दीड ते अडीच वर्षं जगतो. म्हणजे मुलगी आठवीत जायच्या आत तिला निरोप द्यायला लागणार, आणि दोन-तीन असतील तर दोन-तीनदा. माझी करडी १९ महिन्यांची असताना बगलेखाली वाटाण्याएवढी गाठ लागली हाताला. माद्यांना स्तनाच्या गाठी पुष्कळ होतात, आणि त्या बहुतेक वाईटच निघतात. त्या दिवशी मी फोनवर फोन करत होते, तीन डॉक्टर म्हणाले आम्ही कुत्रे-मांजरं बघतो. माझा आग्रह एवढाच, उंदीर बघणारा व्हेट आधी शोधा, मग पिंजरा आणा. आजारी उंदीर शेवटपर्यंत दाखवत नाही, केस पिंजारलेले, पाठीला पोक, श्वासाला बारीक टिक टिक आवाज, यातलं काही दिसलं की उद्यावर टाकायचं नाही.

मुलीबद्दल, ती खेळेल, खाऊ घालेल, पण जबाबदारी तुमचीच राहील. शेपटीला धरून उचलायचं नाही, दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यायचं, हे तिला शिकवा, आणि नंतर साबणाने हात धुणं रोजचं. घरात कोणी गरोदर असेल तर तिने उंदीर हाताळू नयेत, त्यांच्यातला एक विषाणू गर्भाला धोक्याचा असतो.

नवखी_आई
सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री मुलीला आणि नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. गाठीचं ऐकून मुलगी बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली की आपण डॉक्टर आधी शोधूया. नवरा त्या ओळखीच्यांकडे रविवारी जाऊन बसायला तयार झालाय, चारही रविवार. तोपर्यंत काही आणत नाही. एकच शंका, आठवड्याला पिंजरा पूर्ण धुवायचा का?

रात्रपाळी
पूर्ण नको. सगळा वास गेला की ते घाबरतात, परत जास्त मुततात आणि कधी भांडतातही. रोज ओला कोपरा काढायचा, आठवड्याला बिछाना बदलायचा, पण जुन्या घरट्यातला कोरडा मूठभर नव्यात परत ठेवायचा. आणि चार रविवार होईपर्यंत रिकामा पिंजरा घरात ठेवून बघा, रोज रात्री पाण्याची बाटली धुवून भरायची, कोपरा पुसायचा, अगदी कंटाळा आला तरी. मुलीबरोबर करा. महिनाभर जमलं की इथे कळवा, माद्या ओळखायच्या कशा ते फोटोवर नीट दाखवतो.